डॅशबोर्डवरील आकडा आणि आकड्याबाहेरचा रुग्ण

रुग्ण बरा करणे आणि रुग्णालय चालविणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत, याचा अनुभव चिकित्सालयाचे रुग्णालय होताना प्रत्येक वैद्याला येतो. दहा खाटा असतात तोवर सकाळची एक फेरी पुरते. औषधांचा साठा फळ्यांवर नजर टाकताच कळतो. कोण रुग्ण किती वेळ बसून आहे हे बाकावरूनच समजते. पुढे शाखा वाढतात, औषधालय आणि निर्माणशाळा स्वतंत्र होतात, आणि प्रमुखाच्या डोळ्यांची जागा नोंदी घेतात. या नोंदी आता संगणकावर होतात. त्या सर्वांचे सार एकाच पडद्यावर, रंगीत आलेखांच्या रूपाने मांडणाऱ्या फलकास डॅशबोर्ड असे म्हणतात. मोटारीच्या चालकापुढील फलकावरून हे नाव आले असून त्याचा हेतूही तोच आहे. यंत्राचे झाकण न उघडता आत काय चालले आहे हे चालकास कळावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

आयुर्वेदाचे क्षेत्रही या बदलापासून दूर राहिलेले नाही. व्याधींच्या प्रमाणित संज्ञांसाठी २०१७ मध्ये 'नमस्ते' हे पोर्टल सुरू झाले. आयुष मंत्रालयाने रुग्णालयांसाठी ए-एचएमआयएस ही माहिती व्यवस्थापनाची प्रणाली आणली. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या व्याधिसंज्ञांचा विभाग दाखल झाला. तेव्हा आज ना उद्या आपल्यापैकी बहुतेकांना पडद्यावरील आकडे पाहून निर्णय घ्यावे लागणार आहेत. कोणती प्रणाली विकत घ्यावी हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. पडद्यावरचा आकडा कसा वाचावा आणि त्यावर कितपत विसंबावे, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

एकाच संस्थेचे दोन धडे

या विषयाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेत घडले. तेथील संघराज्य शासनाचे 'व्हेटरन्स अफेअर्स' नावाचे खाते माजी सैनिकांसाठी देशभर रुग्णालये चालविते. सुमारे १७० रुग्णालये, हजाराहून अधिक बाह्यरुग्ण केंद्रे आणि सुमारे ९० लाख नोंदणीकृत माजी सैनिक असा या सेवेचा विस्तार आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, मोजमापाने संस्था सुधारते आणि मोजमापानेच ती बिघडते, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येथे पाहावयास मिळतात.

पहिला धडा सुधारणेचा. १९९४ मध्ये डॉ. केनेथ कायझर या आरोग्यसेवेचे प्रमुख झाले. त्या काळी या रुग्णालयांची ख्याती चांगली नव्हती. कायझर यांनी देशाचे २२ विभाग पाडले आणि प्रत्येक विभागप्रमुखाशी कामगिरीचा लेखी करार केला. लसीकरण, कर्करोगाची पूर्वतपासणी, मधुमेही रुग्णांची नियमित तपासणी अशा ठरावीक बाबींचे मोजमाप सुरू झाले. संगणकावरील रुग्णपत्रिका सर्वत्र पोहोचली आणि राहिलेल्या तपासणीची आठवण वैद्यकास पडद्यावरच मिळू लागली. कॅन्सस राज्यातील टोपेका येथील एका परिचारिकेने भाड्याची मोटार परत घेणारा कर्मचारी हातातील यंत्राने पट्टीसंकेत वाचताना पाहिला आणि हीच युक्ती औषध देताना वापरावी असे सुचविले. त्यातून रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषधाचे वेष्टन यांचा मेळ घालणारी पद्धत उभी राहिली व पुढे ती सर्व रुग्णालयांत गेली. काही वर्षांतच प्रतिबंधक उपचारांच्या बाबतीत ही सेवा इतरांना अनुकरणीय वाटू लागली.

दुसरा धडा याच संस्थेत पंधरा वर्षांनी मिळाला. रुग्णास भेटीची वेळ लवकर मिळावी म्हणून २०११ मध्ये १४ दिवसांचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. अधिकाऱ्यांचे मूल्यमापन आणि त्यावर मिळणारी बक्षिसाची रक्कम यांच्याशी प्रतीक्षाकाळाचा आकडा जोडलेला होता. वैद्यकांची संख्या मात्र त्या मानाने वाढली नाही. काम होणे अशक्य आणि आकडा दाखविणे आवश्यक, अशी स्थिती आली की जे होते तेच येथे झाले. रुग्णाने इच्छिलेली तारीख नोंदविण्याचा एक रकाना प्रणालीत होता. कारकून प्रथम रिकामी तारीख शोधत आणि तीच रुग्णाची इच्छित तारीख म्हणून लिहीत. रुग्ण दोन-तीन महिने थांबला तरी पडद्यावर प्रतीक्षा शून्य दिवस दिसे. काही ठिकाणी रुग्णांची नावे अधिकृत प्रतीक्षायादीत चढविलीच जात नसत.

इशारे मिळाले नव्हते असे नाही. एप्रिल २०१० मध्ये खात्याच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अशा क्लृप्त्यांची यादी परिपत्रकाद्वारे कळविली होती. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने प्रतीक्षेचे आकडे विश्वासार्ह नसल्याचा अहवाल दिला होता. तरीही फलकावर सारे ठीक दिसत असल्याने कोणी हलले नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनातील फिनिक्स येथील रुग्णालयाचे प्रकरण एका निवृत्त डॉक्टरांमुळे उघड झाले. २८ मे २०१४ रोजी महानिरीक्षकांचा अंतरिम अहवाल आला. रुग्णालयाने कळविलेली सरासरी प्रतीक्षा २४ दिवसांची होती. तपासलेल्या २२६ रुग्णांची प्रत्यक्ष सरासरी ११५ दिवस निघाली. शिवाय भेटीची वाट पाहणारे सुमारे १,७०० माजी सैनिक कोणत्याही अधिकृत यादीत नव्हते. दोन दिवसांनी खात्याचे मंत्री एरिक शिनसेकी यांनी राजीनामा दिला. जूनमध्ये झालेल्या देशव्यापी तपासणीत, ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांपैकी १३ टक्के नोंदणी कर्मचाऱ्यांनी वेगळी तारीख घालण्याची सूचना मिळाल्याचे सांगितले. पहिल्या भेटीसाठी ९० दिवसांहून अधिक काळ थांबलेले सुमारे ५७ हजार रुग्णही तेव्हा आढळले. १४ दिवसांचे उद्दिष्ट साधण्याजोगे नव्हते हे मान्य करून ते कामगिरीच्या करारांतून काढण्यात आले.

निदान

या दोन धड्यांत संगणकाचा दोष कोठेही नाही. प्रणाली तीच आणि संस्थाही तीच होती. फरक पडला तो आकडा कशासाठी वापरला गेला यात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असे दाखवून दिले होते की, एखाद्या मापाचा नियंत्रणासाठी दबाव म्हणून उपयोग होऊ लागला की त्या मापाची पूर्वीची विश्वासार्हता ओसरते. वैद्यांना हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. आमातिसारात आरंभीच स्तंभन देऊ नये हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. स्तंभनाने मलप्रवृत्ती थांबते आणि रुग्णपत्रिकेवर सुधारणा दिसते. परंतु कोंडलेला दोष पुढे शोथ, पांडू, प्लीहा, गुल्म अशा रूपांनी वर येतो. फिनिक्समध्ये लक्षणाचे स्तंभन झाले आणि दोष आतच राहिला.

याहून मोलाचे मार्गदर्शन चरकसंहितेच्या विमानस्थानात मिळते. रोगज्ञानासाठी तेथे आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ही तीन साधने सांगितली आहेत. डॅशबोर्ड यांपैकी कोणते साधन होय? पडद्यावर दिसतो म्हणून आपण त्यास प्रत्यक्ष समजतो आणि येथेच चूक होते. डॅशबोर्ड हा कोणीतरी केलेल्या नोंदींचा गोषवारा असतो. म्हणजे तो दुसऱ्याचा शब्द होय. तो ग्राह्य धरावयाचा तर नोंद करणारा आप्त असला पाहिजे, आणि रज व तम यांपासून मुक्त असणे ही आप्ताची कसोटी आहे. नोकरी जाण्याच्या भयाखाली असलेला कारकून किंवा बक्षिसावर डोळा असलेला अधिकारी या कसोटीस उतरत नाही. तो वाईट माणूस असतो असे नाही. त्या आकड्यापुरता तो आप्त राहत नाही, इतकेच.

आपल्या घरातील अनुभव

आमच्या औषधालयात संगणक आल्यावर पहिले काही महिने 'चिठ्ठीप्रमाणे औषध दिले' हे प्रमाण शंभर टक्के दिसत असे. आम्ही ते समाधानाने पाहत होतो. एके दिवशी तमकश्वासाच्या एक वृद्ध रुग्णा पुन्हा आल्या. त्रास का वाढला असे विचारता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मागच्या खेपेला औषध मिळालंच नाही हो. संपलंय म्हणाले, म्हणून तशीच घरी गेले." पडद्यावर त्या दिवशी त्यांची चिठ्ठीच नव्हती. चौकशी केली तेव्हा कळले की औषध देय असेल तरच चिठ्ठी प्रणालीत चढत असे, कारण 'शिल्लक नाही' असे लिहिण्याची सोयच तेथे नव्हती. परत गेलेला प्रत्येक रुग्ण अशा रीतीने हिशेबाबाहेर पडत होता. औषध देणाऱ्या कर्मचाऱ्याची यात चूक नव्हती. प्रणाली मागवताना तो रकाना आम्हीच मागितला नव्हता. तो घातल्यावर प्रमाण खाली आले आणि कोणती औषधे वारंवार संपतात हे आम्हांस प्रथमच समजले.

व्यवहारात काय करावे

उपरोक्त विवेचनावरून वैद्यांनी व औषधालयचालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात असे आम्हांस वाटते.

१. छेद तपासावा. टक्केवारीत अंशाकडे सर्वांचे लक्ष असते. लबाडी किंवा चूक बहुधा छेदात दडलेली असते. प्रत्येक प्रमाणाबाबत 'यात कोण मोजला गेला नाही' हा प्रश्न प्रथम विचारावा. परत गेलेल्या चिठ्ठ्या, नोंदणीपूर्वीच निघून गेलेले रुग्ण, पंचकर्म अर्ध्यावर सोडलेले रुग्ण यांचे स्वतंत्र रकाने असावेत.

२. एकाच गोष्टीची दोन मापे ठेवावीत आणि ती दोन निराळ्या हातांनी नोंदवावीत. अभ्यंगांची संख्या आणि तैलाचा खप यांचा मेळ बसला पाहिजे. भरलेल्या खाटा आणि पाकशाळेतून गेलेली पथ्याहाराची ताटे जुळली पाहिजेत. महाविद्यालयीन रुग्णालयांना मान्यतेसाठी रुग्णसंख्या व खाटांच्या वापराचे किमान प्रमाण दाखवावे लागते; तेथे तर ही पडताळणी अधिकच अगत्याची आहे. आकड्यासाठी निजविलेल्या रुग्णावरून विद्यार्थी काय शिकणार, याचा विचार ज्याने त्याने करावा.

३. प्रतीक्षा मोजताना कोणाच्या इच्छेची नोंद आधारास घेऊ नये. आज विचारणा केली असता रिकामी असलेली तिसरी वेळ किती दिवसांनी आहे, हे वेळापत्रकावरून थेट मोजावे. पहिली किंवा दुसरी वेळ कोणी ऐनवेळी न आल्याने रिकामी झालेली असू शकते; तिसरी वेळ खरी स्थिती दाखविते. बस्तिक्रमासाठी थांबणाऱ्या रुग्णांबाबत हे माप सहज वापरता येईल.

४. शून्याचा संशय धरावा. आयुर्वेदीय औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद घेण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर औषधदक्षता कार्यक्रम चालतो व नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. एखाद्या मोठ्या संस्थेच्या फलकावर वर्षभर अशा नोंदी शून्य असतील, तर औषधे निर्दोष आहेत असे अनुमान लगेच काढू नये. नोंद करणाऱ्यास दोष लागेल अशी भीती वाटत असण्याचा संभव अधिक असतो. अशा बाबतीत नोंदींची संख्या वाढणे हे संस्थेच्या आरोग्याचे चिन्ह समजावे.

५. आकडा शिकण्यासाठी आधी आणि मूल्यमापनासाठी नंतर वापरावा. वेतन, बढती किंवा बक्षीस एकाच आकड्यास बांधू नये. उद्दिष्ट ठरविण्यापूर्वी ते साधण्याइतके मनुष्यबळ आणि औषधसाठा आहे काय, हे प्रमुखाने स्वतः पाहावे. वाईट आकडा घेऊन येणाऱ्या कर्मचाऱ्याचे पहिल्या खेपेस जसे स्वागत होते, तसेच आकडे पुढे वर्षभर येतात.

६. प्रत्यक्ष सोडू नये. आठवड्यातून एकदा नोंदींतून कोणतेही दहा रुग्ण निवडून त्यांना स्वतः विचारावे : केव्हा आलात, केव्हा तपासले गेले, औषध सर्व मिळाले काय? औषधालयात पडद्यावरील पाच औषधे निवडून फळीवरील डबे मोजावेत आणि त्यांवरील कालमर्यादा वाचावी. यास अर्धा तास पुरतो.

मोठ्या संस्थेस डॅशबोर्डवाचून चालणार नाही, हे कायझर यांच्या काळातील सुधारणेने दाखविले आहे. शेकडो रुग्णालयांत राहिलेली लस कोणाची हे डोळ्यांनी शोधणे कोणास शक्य नव्हते. फिनिक्समध्ये प्रमुखांचे डोळे पडद्यावर खिळले आणि बाहेरच्या बाकावर बसलेला माणूस दिसेनासा झाला. आपल्या संस्था त्या मानाने लहान आहेत. बाकावरचा रुग्ण अजून आपल्या दृष्टीच्या टप्प्यात आहे आणि सवयी आत्ताच लागणार आहेत.

वाचक वैद्यांनी पुढील तिमाहीत आपल्या चिकित्सालयातील अथवा औषधालयातील कोणताही एक आकडा निवडून वरील पद्धतीने तपासून पाहावा. आकडा आणि वास्तव यांत अंतर आढळल्यास ते कोठे पडले, हे लिहून कळवावे. असे अनुभव एकत्र झाल्यास पुढे प्रणाली मागवताना कोणते रकाने आवश्यक आहेत, याची एक सामायिक यादी आपल्याच अनुभवातून तयार होईल.