शिसे : कामावरून घरी येणारे विष

आमच्या बाह्यरुग्ण विभागात रक्तक्षय झालेली बालके नित्य येतात. बहुतेकांना लोहयुक्त औषध व सकस आहाराने गुण येतो. एका बालकाला मात्र तो येईना. पोटदुखी व बद्धकोष्ठताही कमी होईना. तेव्हा आम्ही वडिलांचा व्यवसाय विचारला. ते जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविण्याचे काम करीत. रक्त तपासले असता बालकाच्या रक्तात शिसे आढळले. बालक भट्टीजवळ कधी गेलेच नव्हते. वडिलांच्या कपड्यांवरील धूळ रोज सायंकाळी घरी येत होती.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. भट्टीतील धूर व धूळ श्वासावाटे, तसेच न धुतलेल्या हातांनी खाल्लेल्या अन्नावाटे शरीरात जाते. प्रौढाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे एक दशांश भाग शोषला जातो, तर लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत पोचते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असल्यास शोषण आणखी वाढते. म्हणजेच कुपोषित बालकाला धोका अधिक.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. रक्तातील शिसे सुमारे एका महिन्यात निम्म्यावर येते; परंतु हाडांत साठलेले शिसे अनेक दशके राहते आणि गर्भारपणात पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत पोचू शकते. हिमोग्लोबिन तयार होण्याच्या क्रियेत शिसे अडथळा आणते, म्हणून रक्तक्षय होतो. बालकांच्या मेंदूवरील परिणाम सर्वांत गंभीर. बुद्धी व एकाग्रता यांची झालेली हानी सहसा भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून तो दूर करावा. त्याखालील पातळीही निर्धोक मानलेली नाही.

पूर्वी वाहनांचा धूर हा शिशाचा मोठा उगम होता. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने ते थांबविले. तथापि धातू कुजत नाही. जुने शिसे रस्त्याकडेच्या मातीत टिकून राहते. आजही ब्रेकच्या झिजेतून तांबे व अँटिमनी, तर टायरच्या झिजेतून जस्त रस्त्याच्या धुळीत मिसळते.

आम्ही वडिलांना हे सारे समजावले, तेव्हा त्यांनी विचारले, "काम सोडले तर मुलांना खाऊ काय घालू?" या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या बाटलीत नाही. शिसे मूत्रावाटे बाहेर काढणारी औषधे आहेत. परंतु उगम तसाच राहिला तर ती व्यर्थ ठरतात. म्हणून काम न सोडता करता येण्याजोग्या गोष्टी आम्ही सांगितल्या : कामाचे कपडे व चपला कामाच्या जागीच ठेवाव्यात, घरी निघण्यापूर्वी साबणाने अंघोळ करावी, भट्टीजवळ खाऊ, पिऊ वा विडी ओढू नये, घरात कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे, मुलांना हिरव्या भाज्या, नाचणी, दूध व लिंबू द्यावे.

पुढील तपासण्यांत बालकाच्या रक्तातील शिसे हळूहळू उतरले. मात्र हाडांतील साठ्यामुळे त्याची देखरेख दीर्घकाळ चालेल. वडिलांची तपासणीही आता नियमित होते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातच शिशाची विषबाधा ही शासनास कळविण्याजोग्या रोगांत समाविष्ट होती. पण गल्लीतील नोंद नसलेल्या भट्टीपर्यंत कायद्याचा हात क्वचितच पोचतो. तेथे पोचू शकतो तो डॉक्टरांचा एक साधा प्रश्न : "तुम्ही काम काय करता?" रुग्णांच्या नातेवाइकांनी हे न विचारताच सांगावे, ही विनंती.