कमी वेतन आणि निवडीचे स्वातंत्र्य

जास्त पगाराची नोकरी तीच चांगली, असे आपण सहज म्हणतो. अर्थशास्त्र याहून थोडा वेगळा विचार सांगते. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात वेतनातील फरकाची पाच कारणे दिली. त्यांतले पहिले, काम सुखाचे की त्रासाचे. त्याचे उदाहरण मार्मिक आहे. लोहार हा कसबी कारागीर. तरी बारा तास राबून त्याला क्वचितच तेवढे मिळते, जेवढे कोळशाच्या खाणीतला साधा मजूर आठ तासांत मिळवतो. कारण लोहाराचे काम कमी घाणीचे, कमी धोक्याचे, आणि उजेडात, जमिनीवर चालणारे.

कामाचे तास कमी करूनही असा सौदा होतो. अमेरिकेतील बॅटल क्रीक येथील केलॉगच्या कारखान्यात १९३० च्या डिसेंबरात, मंदीच्या काळात, आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या सुरू झाल्या. बेकारांना काम मिळावे हा हेतू होता. तासाचा दर वाढवला, तरी दिवसाची मजुरी घटलीच; पण घरासाठी वेळ मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळ कामगार जादा मिळकतीसाठी आठ तासांकडे वळले. काहींनी, विशेषतः स्त्रियांनी, सहा तासांची पाळी १९८५ पर्यंत टिकवली.

या न्यायाने सर्वांत घाणीच्या कामाला सर्वांत जास्त वेतन हवे. प्रत्यक्षात उलटे दिसते. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्येच याचे कारण सांगितले: अशी कामे करणाऱ्यांपुढे दुसरा मार्गच नसतो. आपल्या देशात तो मार्ग जातीने अडवला. जन्मावरून धंदा ठरला की माणसाला काम बदलता येत नाही, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये परखडपणे मांडले. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे करावे लागले, यातच सर्व आले.

स्मिथचा सिद्धान्त खोटा नाही. मात्र धंदा निवडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य ही त्याचीच अट आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. 'पगार कमी असला तरी मनासारखे काम कर' हा उपदेश मला आवडतो. पण ज्याच्या पगारावर घरची चूल पेटते, त्याला तो करण्याआधी पोटापुरते वेतन आणि दुसरे काम मिळण्याची खात्री हवी. ती नसेल, तर कमी पगार ही निवड नव्हे, नाइलाज होय.