लांबच्या सफरीआधी स्पेअर पार्टची खरेदी : काही धडे

आखातात नोकरी-धंदा करणारे आपले अनेक बांधव सहकुटुंब स्वतःच्या मोटारीने उमऱ्याला जातात. दुबईहून रियाध सुमारे १००० किलोमीटर, तेथून मक्का आणखी ९०० च्या आसपास. अशा सफरीआधी सुट्या भागांची खरेदी कशी करावी, हे या लेखात पाहू. मी मोटारीच्या धंद्यातला नव्हे, कापडाचा व्यापारी आहे. पण माल पारखण्याचे कायदे सगळीकडे सारखेच.

२०१९ साली मी शारजात भाच्याकडे गेलो होतो. निघण्यापूर्वी त्याने रेडिएटरचा होज पाईप बदलला. दुकानदाराने दोन भाव सांगितले. स्वस्तातला घेऊन ३० दिरहम वाचवले. सौदी हद्दीतला बत्हा नाका ओलांडल्यावर तासाभरात पाईप फाटला. पाणी सांडले, काटा लाल खुणेवर गेला. उजाड रस्ता, उन्हाचा कहर आणि गाडीत दोन लहान मुले. मदतीची गाडी यायला चार तास लागले आणि ९०० रियाल मोजावे लागले. अल्लाहच्या कृपेने मुले सुखरूप राहिली. पण एवढी वर्षे थान हातात घेताच सूत ओळखणारा मी त्या दुकानात गप्प उभा होतो, याची आजही लाज वाटते.

आता मुद्द्याकडे वळू.

१) नंबर घेऊन जा. 'अमक्या गाडीचा पाईप द्या' एवढे पुरत नाही. गाडीचा चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो व मुल्कियावर, म्हणजे नोंदणीपत्रावर, छापलेला असतो. त्यावरून नेमका पार्ट नंबर निघतो. आखातासाठी बनवलेल्या गाडीची थंड ठेवण्याची व्यवस्था इतर देशांच्या गाडीपेक्षा वेगळी असू शकते. जुना भागही सोबत न्यावा आणि नव्याशी ताडून पाहावा.

२) तीन दर्जे ओळखा. एक, मोटार कंपनीच्या खोक्यातला. दोन, नामांकित कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेला. हा पुष्कळदा चांगला व स्वस्त असतो. तीन, नकली. हा तिसरा पहिल्याचे खोके घालून येतो. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेले, खोक्यावरचा व मालावरचा नंबर वेगळा, असे दिसले की हात आखडावा. भाव फारच कमी असेल तर आनंद मानू नका, कारण विचारा.

३) जुने काय घ्यावे? शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात मोडलेल्या गाड्यांचे भाग मिळतात. आरसा, दरवाजा, दिव्याची काच तेथून खुशाल घ्या. पट्टा, होज, ब्रेक पॅड आणि टायर मात्र कधीही जुने घेऊ नका. रबराचे वय वरून दिसत नाही.

४) टायरची जन्मतारीख वाचा. बाजूवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात चमकणारा टायरही गोदामात वर्षानुवर्षे पडलेला असू शकतो.

५) बिल घ्या. अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. बिलाशिवाय सूट देणारा माल परत घेताना ओळख विसरतो. बिलावर पार्ट नंबर व परतीची मुदत लिहून घ्यावी.

६) आठवडाभर आधी बसवा. नवा भाग शहरात शे-दोनशे किलोमीटर चालवून पाहावा. दोष निघायचा तर दुकानाजवळ निघू दे, वाळवंटात नको. आमची खरी चूक हीच होती. पाईप निघायच्या आदल्या रात्री बसवला.

सोबत फॅन बेल्ट, वरचा-खालचा होज, क्लॅम्प, फ्यूज, बल्ब, कूलंट, हवा भरलेला जादा टायर आणि माणशी भरपूर पिण्याचे पाणी ठेवावे. इंजिन तापले असता रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते.

घासाघीस जरूर करावी, तो आपला व्यापाऱ्यांचा हक्क आहे. पण घासाघीस भावाची करावी, दर्जाची नव्हे. ज्या भागावर बायका-मुलांचा जीव अवलंबून आहे, त्यात वाचवलेले ३० दिरहम हा नफा नसून कर्ज आहे. त्याची वसुली रस्त्यात होते आणि व्याजासकट होते.