उरलेला पेंढा कोणाचा?

शास्त्रवाचन : लेवीय 19:9-10, रूथ, अध्याय 2



शेतातल्या टाकाऊ पेंढ्यापासून इथेनॉल इंधन बनते, मग आपल्या मिशनने आदिवासी पाड्यांवर असा प्रकल्प का काढू नये, असे काही मंडळ्यांतून मला विचारण्यात आले. प्रश्न कळकळीचा आहे, म्हणून नीट अभ्यास करू.

उसाच्या मळीत साखर तयारच असते. यीस्ट घातले की ती आंबते आणि अल्कोहोल मिळते. पेंढ्यातही साखर आहे, पण ती सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत अडकलेली, आणि भोवती लिग्निनचे चिवट वेष्टन. म्हणून पेंढा आधी बारीक करून सौम्य आम्लात, वाफेच्या दाबाखाली शिजवतात. मग एन्झाइम त्या साखळ्या तोडून साखर मोकळी करतात. पुढे आंबवणे, ऊर्ध्वपातन, आणि शेवटी उरलेले पाणीही काढणे. कारण पेट्रोलमध्ये मिसळायला इथेनॉल जवळजवळ निर्जल लागते.

हरियाणात पानिपत येथे इंडियन ऑइलचा असा कारखाना 10 ऑगस्ट 2022 रोजी राष्ट्राला अर्पण झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे, खर्च 900 कोटी रुपयांहून अधिक. वर्षाला 2 लाख टन भाताच्या पेंढ्यापासून 3 कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनाला सुमारे 150 लिटर, अशी त्याची आखणी आहे. हे पाड्यावर होणारे काम नव्हे. शिवाय परवान्यावाचून अल्कोहोल गाळणे गुन्हा आहे, आणि दारूने पोळलेल्या घरांशेजारी आपण भट्टी लावणे शोभणारे नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पंजाब-हरियाणात भात यंत्राने कापतात, लगेच गव्हाच्या पेरणीची घाई असते, म्हणून पेंढा शेतातच जाळला जातो. कारखान्याने तो नेला तर धूर तरी टळतो. आपल्या पालघर-नाशिकच्या डोंगराळ भागात मात्र पेंढा टाकाऊ नसतोच. तो बैलांची वैरण आहे. थोडा राबासाठीही लागतो. दिवाळीनंतर तो स्वस्तात गेला, तर उन्हाळ्यात तीच वैरण महाग घ्यावी लागेल.

नियमशास्त्राने शेताच्या कडा आणि गळलेली कणसे गरिबासाठी व परक्यासाठी राखली. रूथ बवाजाच्या शेतात त्याच आधाराने गेली. ती भीक मागत नव्हती. उरलेले कोणाचे, हे देवाने आधीच सांगितले आहे.

म्हणून माझे मत असे : आपली देणगी वैरण कोरडी ठेवायच्या मांडवांना आणि जिथे गुरे व पाणी आहे तिथे गोबरगॅसला जावी. उद्या एखादा कारखाना पेंढा मागायला आलाच, तर गुरांचा आणि जमिनीचा वाटा राखून, गावाने एकत्र बसून भाव ठरवावा.

चर्चेसाठी :
1. आपण ज्याला टाकाऊ म्हणतो, त्यावर कोणाचे घर चालते?
2. मदत करण्यापूर्वी आपण पाड्यावरच्या लोकांना विचारतो का?

प्रार्थना : येत्या उन्हाळ्यात एकाही गोठ्यात वैरण कमी पडू नये, म्हणून प्रार्थना करा.