दुसऱ्या विद्यापीठाची निवड

‘बदली’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो सरकारी नोकर, त्याचे बांधलेले सामान आणि मुलांच्या शाळेची चिंता. विद्यार्थ्याचीही अशी बदली होऊ शकते, एका संस्थेत दोन वर्षे शिकून उरलेली दोन वर्षे दुसऱ्या संस्थेत पुरी करता येतात, ही कल्पना आपल्याकडे फारशी रुजलेली नव्हती. अमेरिकेत मात्र तिला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली निघालेले कनिष्ठ महाविद्यालय हे अशा सार्वजनिक संस्थांतील आद्य मानले जाते. आपल्याकडील अकरावी-बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयाशी त्याची गल्लत करू नये. शालेय शिक्षण संपल्यानंतरची, म्हणजे पदवी अभ्यासक्रमाची पहिली दोन वर्षे तेथे शिकवली जात. कॅलिफोर्नियात अशी पहिली संस्था १९१० साली फ्रेस्नो येथे सुरू झाली. पुढे या संस्थांना ‘कम्युनिटी कॉलेज’, अर्थात सामुदायिक महाविद्यालय, हे नाव पडले.

या महाविद्यालयातून विद्यापीठाकडे निघालेल्या विद्यार्थ्यापुढे, विशेषतः वाणिज्य आणि व्यवसाय प्रशासन शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे, कोणते प्रश्न उभे राहतात आणि त्याने विद्यापीठाची निवड कशी करावी, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. उदाहरणादाखल कॅलिफोर्निया राज्य घेतले आहे, कारण स्थानांतराची वाट तेथे कायद्याने आखून दिलेली आहे.

कायद्याने आखलेली वाट

१९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा एक व्यापक आराखडा स्वीकारला. त्याच्या घडणीत अर्थशास्त्रज्ञ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष क्लार्क कर यांचा मोठा वाटा होता. या आराखड्याने तीन पायऱ्या निश्चित केल्या. शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी कॅलिफोर्निया विद्यापीठाला पात्र ठरावेत, वरचे एकतृतीयांश राज्य महाविद्यालयांना, म्हणजे आजच्या कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाला, पात्र ठरावेत आणि सामुदायिक महाविद्यालयांची दारे सर्वांना खुली असावीत, अशी ती योजना होती. परंतु सतराव्या-अठराव्या वर्षीच्या गुणांवरून माणसाचे भवितव्य कायमचे ठरू नये, म्हणून तिसऱ्या पायरीवरून वर चढण्याची सोयही करण्यात आली. विद्यापीठांतील साठ टक्के विद्यार्थी पदवीच्या उत्तरार्धातील आणि चाळीस टक्के पूर्वार्धातील असावेत, असे प्रमाण आराखड्याने सुचवले. उत्तरार्धातील ही जादा जागा स्थानांतर करून येणाऱ्यांसाठी होती.

आज राज्यात ११६ सामुदायिक महाविद्यालये आहेत. राज्यातील रहिवाशाला तेथे एका श्रेयांकामागे ४६ डॉलर शुल्क पडते. साठ श्रेयांकांचा, म्हणजे दोन वर्षांचा, हिशेब २,७६० डॉलर होतो. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला हा दर लागू नाही, त्याला याहून पुष्कळ अधिक शुल्क भरावे लागते. ज्याच्या घरी शिक्षणाची पुंजी नाही, जो दिवसा दुकानात काम करून संध्याकाळी वर्गात बसतो, अशा रहिवासी विद्यार्थ्याला या आकड्यांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

प्रवेश आणि मान्यता

येथे मूळ मुद्द्याकडे वळू. स्थानांतर करणारा विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न विचारतो: “मला कोणते विद्यापीठ घेईल?” वास्तविक त्याने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: “मी जे शिकलो, ते कोणते विद्यापीठ घेईल?” प्रवेश मिळणे आणि शिकलेले मान्य होणे या दोन भिन्न गोष्टी होत.

इंग्रजीतील ‘क्रेडिट’ या शब्दाला व्यापारात आपण ‘पत’ म्हणतो आणि शिक्षणात ‘श्रेयांक’ म्हणतो. श्रेयांकाची गत काहीशी जुन्या हुंडीसारखी आहे. हुंडी लिहिणारी पेढी कितीही प्रामाणिक असो, दूरच्या पेठेतील पेढीने ती सकारली तरच तिचे पैसे होतात. श्रेयांक देणारे महाविद्यालय एक असते आणि तो सकारणारे विद्यापीठ दुसरे असते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकी काँग्रेससाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या ‘गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ या संस्थेने २०१७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी सुमारे ४३ टक्के श्रेयांक वाया गेले, असा अंदाज त्यात दिला आहे. वाया गेलेल्या श्रेयांकाबरोबर भरलेले शुल्क जाते, वर्गात घालवलेला काळ जातो आणि शिष्यवृत्तीची मुदतही सरत जाते.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याची विशेष अडचण

व्यवसाय प्रशासनाच्या अभ्यासक्रमात विषयांचा क्रम कडक असतो. वित्तीय लेखाकर्म, व्यवस्थापकीय लेखाकर्म, सूक्ष्म अर्थशास्त्र, समग्र अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि बहुतेक ठिकाणी कलनशास्त्र हे पूर्वार्धाचे विषय होत. हे पुरे झाल्यावाचून वित्तव्यवस्था, विपणन, संघटनव्यवहार इत्यादी उत्तरार्धाच्या विषयांना हात घालता येत नाही. यांतील एखादा विषय राहिला किंवा अमान्य झाला, तर त्यावर उभे असलेले पुढचे विषयही खोळंबतात.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. अनेक सामुदायिक महाविद्यालयांत विपणन आणि व्यवस्थापन हे विषय पहिल्या दोन वर्षांतच शिकवले जातात. शीर्षके आकर्षक असतात, विद्यार्थी उत्साहाने नाव घालतो आणि गुणही चांगले मिळवतो. परंतु विद्यापीठात हेच विषय तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे असल्यामुळे तेथे हे श्रेयांक पुष्कळदा केवळ ऐच्छिक विषयांच्या खात्यावर जमा होतात आणि मूळ विषय पुन्हा शिकावा लागतो. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने साठ श्रेयांक पुरे केले आणि त्यांतील बारा अशा रीतीने बाजूला पडले. प्रत्येकी तीन श्रेयांकांचे चार विषय तिला पुन्हा घ्यावे लागतील. एका सत्रात साधारणतः पंधरा श्रेयांक पुरे होतात, हे ध्यानात घेतले तर जवळजवळ एक सत्र हातचे गेले असे म्हणावे लागेल. म्हणून पहिल्या दोन वर्षांत नावाने मोहक असलेल्या विषयांपेक्षा लेखाकर्म, अर्थशास्त्र आणि गणित यांची पायाभरणी करणे श्रेयस्कर ठरते.

पदवीचे नाव आणि आशय

विद्यापीठाची कीर्ती पाहून अर्ज करणाऱ्यास आणखी एक गोष्ट तपासावी लागते. आपल्याला हवी असलेली पदवी तेथे आहे काय? बर्कली येथे वाणिज्य महाविद्यालयाची स्थापना १८९८ साली झाली. आज ते हास व्यवसाय विद्यालय म्हणून प्रसिद्ध असून तेथे व्यवसाय प्रशासनाची पदवी मिळते. अर्व्हाइन आणि रिव्हरसाइड येथेही ती मिळते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मात्र पदवीस्तरावर व्यवसाय प्रशासन हा मुख्य विषय नाही, तेथे अर्थशास्त्र विभागाचा ‘व्यवसाय अर्थशास्त्र’ हा विषय आहे. ज्याला अर्थशास्त्रीय विश्लेषणाची आवड आहे त्याला तो मानवेल. ज्याला विपणनात अथवा मनुष्यबळ व्यवस्थापनात शिरावयाचे आहे, त्याने केवळ विद्यापीठाच्या नावावर भुलू नये.

हमीची मर्यादा

श्रेयांकांची हानी टाळण्यासाठी कॅलिफोर्नियात दोन महत्त्वाच्या सोयी आहेत. २०१० साली झालेल्या कायद्यान्वये सामुदायिक महाविद्यालयांनी स्थानांतरासाठी खास पदविका सुरू केली. ती साठ श्रेयांकांची असते. ती मिळवणाऱ्यास कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या परिवारात तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून प्रवेशाची हमी मिळते आणि सजातीय विषयातील पदवी आणखी साठ श्रेयांकांत पुरी होऊ शकते. ही हमी परिवारातील प्रवेशाची आहे, विशिष्ट आवाराची नव्हे, हे विसरता कामा नये. या परिवारात वीसहून अधिक आवारे आहेत आणि जेथे अर्जदारांची गर्दी असते तेथे प्रवेशाची पातळी किमान अटींच्या पुष्कळ वर जाते. घरापासून शेकडो मैल दूरच्या आवारात मिळालेला प्रवेश नोकरी आणि कुटुंब सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याच्या कितपत उपयोगी पडेल, याचा विचार त्याने आधीच केलेला बरा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची सहा आवारे, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ, सामुदायिक महाविद्यालयांतील पात्र विद्यार्थ्यांना स्थानांतराची हमी देतात. त्यासाठीचा वेगळा अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात करावा लागतो. विषयवार अटी प्रत्येक आवाराच्या निराळ्या असतात आणि काही विषय हमीतून वगळलेलेही असतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ही आवारे या योजनेत नाहीत. किमान गुणसरासरीची अटही लक्षात ठेवावी. चारपैकी २.४ ही रहिवाशासाठी आणि २.८ ही बाहेरच्यासाठी आहे. परंतु हा केवळ उंबरठा होय. व्यवसाय प्रशासनासारख्या मागणीच्या विषयात त्याच्या पुष्कळ पुढे जावे लागते.

कोणत्या महाविद्यालयाचा कोणता विषय कोणत्या आवारात कशाच्या बदली धरला जातो, याची अधिकृत नोंद ‘असिस्ट’ नावाच्या संग्रहात सर्वांना पाहता येते. पहिल्या सत्राला नाव घालण्यापूर्वीच ती पाहिली पाहिजे. दोन वर्षे संपल्यावर पाहणे म्हणजे घर बांधून झाल्यावर जमिनीचा उतारा काढण्यासारखे आहे.

उरलेल्या दोन वर्षांचा हिशेब

विद्यापीठाची निवड केवळ श्रेयांकांनी पुरी होत नाही. चार वर्षे एकाच ठिकाणी राहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिक्षक ओळखावयास, दुसऱ्या वर्षी मंडळांत सहभागी व्हावयास आणि तिसऱ्या वर्षी उमेदवारी शोधावयास सवड मिळते. स्थानांतर करून आलेला विद्यार्थी एकदम तिसऱ्या वर्षात उतरतो. लेखापरीक्षण आणि वित्तक्षेत्रातील मोठ्या पेढ्या पुढील उन्हाळ्यातील उमेदवारांची निवड पुष्कळ आधी करतात. नव्या आवारातील इमारतींची ओळख होण्याआधीच त्याला मुलाखतीस उभे राहावे लागते. सबब ज्या विद्यापीठात अशा विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन आहे, जेथे आलेल्यांपैकी बरेचसे दोन वर्षांत पदवी पुरी करतात आणि जेथील उमेदवारीची दारे त्यांनाही उघडी आहेत, ते विद्यापीठ नावाने थोडे लहान असले तरी निवडीत पुढे धरावे.

तेव्हा निवड करताना चार प्रश्न या क्रमाने विचारावेत. मला हवी ती पदवी येथे आहे काय? माझे कोणते विषय त्या पदवीसाठी, केवळ ऐच्छिक म्हणून नव्हे, मान्य होतील? ती पुरी करण्यास आणखी किती सत्रे आणि किती खर्च लागेल? आणि त्या काळात मला कोण हात देईल? विद्यापीठाची कीर्ती हा पाचवा प्रश्न होय. तो निरर्थक नाही, पण पहिल्या चारांची उत्तरे समाधानकारक असतील तेव्हाच तो विचारण्यात अर्थ आहे. ही उत्तरे शक्य तेथे लेखी घ्यावीत.

हा विषय आता केवळ परदेशाचा राहिलेला नाही. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम मध्येच सोडण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची मुभा पुढे आणली आणि २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांच्या बँकेचे नियम जारी केले. पूर्वी स्थलांतर प्रमाणपत्रासाठी कचेरीच्या खिडकीपाशी तिष्ठणाऱ्या विद्यार्थ्याचे श्रेयांक आता त्याच्या नावावर जमा होऊ शकतात. परंतु जमा होणे आणि सकारले जाणे यांतील अंतर खात्याने आपोआप मिटत नाही. ते मिटवण्यासाठी दोन संस्थांमध्ये विषयवार करार लागतात, ते विद्यार्थ्याला आधी दिसावे लागतात आणि समजावून सांगणारा माणूस लागतो. कॅलिफोर्नियाने १९६० साली तत्त्व मान्य केले, आणि स्थानांतराच्या खास पदविकेचा कायदा करावयास २०१० साल उजाडले. मधल्या पन्नास वर्षांत ज्यांचे श्रेयांक वाया गेले, त्यांना ती वर्षे कोणी परत दिली नाहीत. हा धडा आपल्याला तितका काळ न दवडता घेता येण्यासारखा आहे.