अळंबीच्या खोलींतील हवेच्या नळास सुटणारा घाम

शिरूर व दौंड तालुक्यांतील जे शेतकरी बंधु थंड खोलींत बटन अळंबीचें पीक घेतात अथवा घेऊं इच्छितात, त्यांच्या उपयोगाकरितां हा पाठ लिहिला आहे. या पिकास खोलींत थंड व ताजी हवा सतत खेळवावी लागते. ती हवा यंत्रापासून पिकाच्या मांडण्यांपर्यंत ज्या पत्र्याच्या नळानें आणितात, त्यास कारागीर डक्ट म्हणतात. या नळास बाहेरून पाणी सुटतें व तें थेंबाथेंबानें मांडण्यांवर पडतें. थेंब लहान, पण हानि मोठी. अळंबीची टोपी दोनतीन तासांहून अधिक ओली राहिली कीं, स्यूडोमोनास टोलासी नांवाचे सूक्ष्म जंतु तिजवर वाढतात व तपकिरी चट्टे पडतात. पांढराशुभ्र म्हणून विकावयाचा माल मग पडत्या भावानेंही कोणी घेत नाहीं.

पाणी येतें कोठून? माठ पाझरतो, परंतु पितळी तांब्या पाझरत नाहीं. तरीही बर्फाचें पाणी भरलेला तांब्या श्रावणांत बाहेरून ओला होतो. तें पाणी तांब्यांतील नव्हे, हवेंतील होय. हवा थंड होत गेली म्हणजे एका ठराविक उष्णमानास तिच्यांतील वाफ दंवरूपानें सुटूं लागते. त्या उष्णमानास दंवबिंदु म्हणतात. ज्या पृष्ठभागाचें उष्णमान दंवबिंदूहून कमी, त्यावर पाणी सुटणारच.

आतां हिशेब पाहा. पीक निघण्याच्या काळांत खोली 16 अंश सेल्सिअस व आर्द्रता शेंकडा 85 असेल, तर दंवबिंदु सुमारें 13.5 अंश येतो. नळांतून 10 अंशांची हवा वाहत असेल, तर उघडा पत्रा खोलींत बाराही महिने घाम देईल. खोलीबाहेरील नळाची गोष्ट निराळी. वैशाखांत दुपारीं हवा 38 अंश व आर्द्रता शेंकडा 20 असतां दंवबिंदु सुमारें 11 अंश असतो. उन्हाळ्याच्या झळीनें पत्रा त्याहून अधिक तापलेला राहतो, म्हणून कोरडा दिसतो. श्रावणांत 27 अंश व शेंकडा 80 आर्द्रता असतां दंवबिंदु 23 अंशांवर जातो आणि तोच नळ वाहूं लागतो. आपल्या तालुक्यांत पाऊस थोडा, म्हणून पावसाळ्यांतील हवाही कोरडीच, असें समजूं नये. वैशाखांत बांधलेल्या खोलीची खरी परीक्षा श्रावणांतच होते.

परीक्षा करण्याची रीति. प्रथम पाणी गळतीचें कीं दंवाचें, तें ठरवावें. नळ कोरडा पुसून त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनीं घट्ट चिकटवावा. कांहीं तासांनीं पाणी तुकड्याच्या खालीं आढळल्यास सांधा गळतो. वर आढळल्यास तें दंव होय. दंवबिंदु पाहण्यासाठीं चकचकीत भांड्यांत पाणी घेऊन थोडथोडा बर्फ घालीत ढवळावें. भांडें बाहेरून ज्या क्षणीं धुरकट होईल, त्या क्षणींचें पाण्याचें उष्णमान तोच दंवबिंदु. नळाचें उष्णमान दुरून मापणाऱ्या यंत्रानें पाहावयाचें असेल, तर पत्र्यावर आधीं काळी चिकटपट्टी लावावी. चकाकणाऱ्या धातूवर तें यंत्र चुकीचा आंकडा देतें.

चुकीचे उपाय. थेंब पडतात म्हणून पंखा बंद ठेवल्यास खोलींत कर्बाम्लवायु साठतो व अळंबीचे दांडे लांबून टोप्या लहान राहतात. आर्द्रता फार उतरविल्यास थरावरील आवरणमाती सुकते. नळास गोणपाट अथवा गवत गुंडाळल्यास तें भिजतें, कुजतें व बुरशीचें घर होतें.

योग्य उपाय. पहिला, नळास बंद छिद्रांच्या नायट्राइल रबराचें निदान 25 मिलिमीटर जाड आवरण घालावें. खोलीबाहेरील भागास त्याहून जाड. सांधे, वळणें व टांगण्याच्या पट्ट्या उघड्या राहूं देऊं नयेत. एका बोटाएवढ्या फटींतून दमट हवा आंत शिरते व आवरणाखालीं पाणी सांचतें, तें दिसतही नाहीं. काचेचा लोकरी थर वापरल्यास त्याच्या बाहेरील अंगास वाफ न शिरणारा पापुद्रा अखंड असला पाहिजे. दुसरा, नळ मांडण्यांवर न नेतां मधल्या वाटेवरून न्यावा, म्हणजे चुकून थेंब पडला तरी तो पिकावर पडत नाहीं. भोकें पाडलेल्या प्लास्टिकच्या नळास आवरण घालणें कठीण. त्यास हीच जागा योग्य. तिसरा, अति थंड हवा थोडी सोडण्याऐवजीं कमी थंड हवा अधिक प्रमाणांत सोडावी. पिकास पाणी दिल्यावर टोप्या सुकेपर्यंत हवा खेळती ठेवावी.

हिवाळ्याची सूचना. बाहेर जाणाऱ्या नळांत याच्या उलट प्रकार घडतो. खोलींतील दमट हवा थंडीच्या रात्रीं उघड्या पत्र्याशीं येते व पाणी नळाच्या आंत सुटतें. त्या नळासही आवरण घालून शंभर फुटांस एक फूट याप्रमाणें बाहेरच्या बाजूस उतार द्यावा व टोंकाशीं निचऱ्याचें भोंक ठेवावें. नाहीं तर पाणी परत खोलींत येईल.

शेवटीं एक विनंति. गांवकामगार तलाठी जशी पिकांची नोंद ठेवीत असे, तशी एक वही खोलीच्या दाराशीं टांगावी. सकाळीं व रात्रीं खोलीचें उष्णमान, आर्द्रता, नळाचें उष्णमान व थेंब पडले किंवा नाहीं, एवढे चार रकाने पुरेत. एक वर्षाची वही पुढें ठेविली म्हणजे कारागिराशीं वाद घालण्याचें कारण उरत नाहीं, आणि आवरणाचा खर्च कोठें करावा तें वहीच सांगते. अधिक माहिती हवी असल्यास पुणें येथील कृषि महाविद्यालयांत अळंबी संशोधनाचें केंद्र आहे. वही घेऊनच तेथें जावें.