ऊर्जा अभियांत्रिकी : बारावीनंतरची एक वाट

दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण व तेवढेच पाणी लागते. थंडीत जिवाणू मंदावतात, गॅस घटतो आणि दुरुस्ती जाणणारा न मिळाल्यास संयंत्र कायमचे बंद पडते. हे दोष ओळखणे, विहिरीच्या खोलीनुसार सौरपंप निवडणे, सौर वाळवणी यंत्राचा आराखडा करणे, हे या अभियंत्याचे काम.

बारावी विज्ञानानंतर राज्याची सीईटी देऊन राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी घेता येते. अपारंपरिक ऊर्जा हा तिचाच भाग. उदयपूरला याच विषयात एम.टेक.ही आहे. मुलगा असो वा मुलगी, अकरावीला गणित घ्यावे. पंपाचा हिशेब त्यावरच चालतो.